माहेरच्या तलावाची प्लेट

आत्याबाई,

यंदा पितृपक्षात पाटावर मामंजींचा फोटो ठेवला आणि शेजारी दरवर्षीसारखी तुमच्या नावाची सुपारी मांडली, तर तुमची नात म्हणाली, "आई, अख्ख्या हिंगोलीचे फोटो ज्या घरात निघाले, त्या घरात आजीचा एकही नाही?" ती आता स्वतः दोन लेकरांची आई आहे, शहरात राहते. तिच्या बोलण्यात राग नव्हता, नवल होतं. मी नेहमीचं उत्तर दिलं. लढाईच्या दिवसांत फोटोच्या काचेच्या प्लेटा मिळत नव्हत्या, तुझे आजोबा घरच्यांवर प्लेट घालवत नसत, आणि आजीला त्याची हौसही नव्हती. पहिली दोन कारणं खरी आहेत. तिसरं धडधडीत खोटं आहे, आणि ते मी इतक्या वर्षांत इतक्यांदा सांगितलं आहे की सांगताना जीभ अडखळतसुद्धा नाही. तुमचा फोटो निघाला होता. तो माझ्या हातानं बुजला. एवढं एक वाक्य तुमच्यापुढं बोलायचं राहिलं म्हणून आज कागद घेऊन बसले आहे. तुम्ही गेलात तेव्हाच्या तुमच्या वयापेक्षा मी आता बरीच मोठी झाले आहे, म्हणजे खरं तर मी तुम्हाला दटावायला हरकत नाही. तरी लिहायला बसताना पदर डोक्यावरून घेतला.

मी हट्ट्याहून लग्न होऊन हिंगोलीला आले तेव्हा वाटलं होतं, फोटोवाल्याचं घर म्हणजे भिंती चित्रांनी भरलेल्या असतील. निघालं भलतंच. भिंतीवर देवाच्या दोन तसबिरी, आणि एका खोलीला तर खिडकीच नाही. ती मामंजींची काळी खोली. तिच्या भिंतीला लागून अलीकडे स्वयंपाकघर, आणि त्या भिंतीशी तुमचं जातं. मामंजी आत जाऊन दार लावून घ्यायचे, थोड्या वेळानं आतून भिंतीवर टकटक व्हायची, की तुम्ही चुलीवर असेल ते खाली उतरवून जात्याला बसायचात. ओठ हलायचे, आवाज नाही. साठ फेरे झाले की भिंतीवर मूठ आपटून उठायचात, मग सुपात ज्वारी उरलेली असो की नसो. मला वाटलं, आत्याबाईंचा काही नेमधर्म असेल. चार-पाच दिवसांनी तुम्हीच सांगितलंत की आत काचेची प्लेट मसाल्याच्या पाण्यात पडलेली असते, तिला उजेड चालत नाही, लाल दिव्यात घड्याळ नीट दिसत नाही आणि दिसलं तरी मामंजींचा त्यावर भरवसा नाही. भरवसा होता तो तुमच्या हातावर. उन्हाळ्यात साठ फेरे, थंडीत ऐंशी, कारण गार पाण्यात मसाला आळसावतो. तुमचा फेरा कधी घाईत पडला नाही की रेंगाळला नाही, आणि चित्र कच्चं राहिलं किंवा करपलं असं मी त्या घरात कधी ऐकलं नाही. लग्नसराईत गिऱ्हाईक वाढलं की आपल्याकडे पीठच पीठ व्हायचं. आषाढात दुकान ओस पडलं की तुम्ही शेजारणीचं दळण मागून आणायचात, हाताची सवय मोडू नये म्हणून. आपल्या लग्नाचा फोटो जात्यावर दळून निघाला आहे, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं.

माझं काम निघालं ते रांगोळीवरून. दिवाळीत मी दारात ठिपके मांडत होते आणि मामंजी जोडे हातात घेऊन तसेच बघत उभे राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला खिडकीशी बसवलं, एक भिंग दिलं, सुईसारखं टोक केलेली पेन्सिल दिली आणि कुण्या पाटलाच्या गालावरचे देवीचे वण बुजवायला सांगितलं. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं, गोरं ते काळं आणि काळं ते काचेसारखं आरपार. ते उलटं वाचायला मला दोन दिवस पुरले. मोठं काही झाकायचं असेल तर काजळात डिंकाचं पाणी कालवून कुंचल्यानं लावायचं, आणि ते काजळ तुम्हीच धरून द्यायचात. पुढं मी इतकी सरावले की अर्ध्या हिंगोलीचे वण आणि मस माझ्या हातून गेले. मामंजी तोंडावर कौतुक करणाऱ्यातले नव्हते, पण गिऱ्हाइकाला "ते काम घरातच होतं" असं सांगताना त्यांची मान ताठ व्हायची. मला त्याचा माज चढला होता हे आज कबूल करते. तेव्हा तुम्ही बोलला असतात तर भांडले असते.

तुमचा फोटो मामंजींनी कधी काढला नाही यात दुष्टावा नव्हता. प्लेट म्हणजे गिऱ्हाइकाची, असं त्यांच्या डोक्यात पक्कं होतं, आणि लढाई सुरू झाल्यावर तर हैदराबादेहून माल येईल तेव्हा खरा. घरचं माणूस रोज दिसतंच की, असं ते म्हणायचे, आणि तुम्ही हसून कामाला लागायचात. पण मी तुम्हाला पडद्यामागून बघताना पाहिलं आहे. नवरी खुर्चीवर बसली की तुम्ही पुढं होऊन तिचा पदर सारखा करायचात, हनुवटीला बोट लावून तोंड उजेडाकडं वळवायचात, आणि मग मागं सरकून कॅमेऱ्याच्या भिंगाकडं एकदा बघायचात. एखादीला विहिरीत डोकावावंसं वाटतं तसं. मला ते दिसत होतं आणि मी त्यावर एकदाही काही बोलले नाही.

मग ते इंजिनिअर साहेब आले. सरकारी तामीरातले, म्हणजे बांधकाम खात्यातले, हैदराबादकडचे, उर्दू बोलणारे, अतिशय अदबशीर गृहस्थ. शिरड शहापूरच्या पुढं तुमच्या माहेरगावी जो तलाव आहे त्याचा फुटका बांध त्यांनी नव्यानं बांधून घेतला होता, आणि आता त्यांची बदली झाली होती. जाताना त्यांना त्या तलावाचा फोटो न्यायचा होता, दिवस मावळतानाचा. अट एकच, पाणी पाहिजे, माणसं नकोत. मी मनात म्हटलं, झालं, दिवस मावळताना तलावावर माणसंच माणसं. घागरी, म्हशी, धुणी, सगळं गाव तिथं. पण मामंजी हो म्हणाले. संध्याकाळी जेवताना त्यांनी युक्ती सांगितली. सगळ्यात सुस्त प्लेट घ्यायची, भिंगाचं भोक बारीक करायचं, पुढं पिवळी काच लावायची, आणि सूर्य टेकला की भिंगावरची टोपी काढून सात मिनिटं उघडं ठेवायचं. एवढ्या वेळात जे हलतं ते प्लेटवर बसतच नाही. येणारी बाई येते आणि जाते, तिचा मागमूस राहत नाही.

"आन जे हलत न्हाई ते?" तुम्ही भाकरी थापता थापता विचारलंत.

ते येतं, मामंजी म्हणाले, झाड येतं, दगड येतो. "आन माणूस?" तुम्ही विचारलंत. सात मिनिटं माणूस कुठं उभं राहतं, असं म्हणून ते हसले, आणि मी आगाऊपणानं म्हटलं की बगळा राहतो. तुम्हीही हसलात. त्यानंतर चार दिवसांनी मी मागच्या अंगणातून आत आले तर चुलीवर दूध उतू चाललं होतं, आणि तुम्ही समोर उभ्या, दोन्ही हात सोडलेले, नजर समोरच्या भिंतीवर. तुमच्या हातून दूध उतू जाणं ही त्या घरात घडणारी गोष्ट नव्हती. मी धावत जाऊन पातेलं उतरवलं आणि म्हटलं, "आत्याबाई, काहून अशा उभ्या? पाठ धरली का?" तुम्ही म्हणालात, "व्हय, जरा धरली." मी पाठीला लावायला तेल कोमट करून दिलं आणि तुम्ही ते निमूटपणे लावून घेतलंत. पाठीला काही झालं नव्हतं.

संक्रांत होऊन गेली होती, पाणी अजून काठोकाठ होतं. आपण बैलगाडीनं निघालो, मामंजी, तुम्ही आणि मी. आमचे हे कापसाच्या जिनातून सुट्टी मिळत नाही म्हणून घरी राहिले. दोन प्लेटा होत्या, एकीला दगा झाला तर दुसरी. वाटेत बैलांपेक्षा प्लेटांचीच काळजी मोठी. ती पेटी तुम्ही मांडीवर घेऊन बसला होतात आणि चाक खड्ड्यात गेलं की अंगावर धक्का घ्यायचात. माहेरची शीव आली तशा तुम्ही बदलू लागलात. आवाज मोठा झाला, पदर डोक्यावरून घसरला तरी सावरेनात. या तलावात मी नऊ वर्षांची असताना पोहायचे, असं तुम्ही सांगितलंत, आणि मग लग्न झालं, असंही सांगितलंत, जणू दुसरी गोष्ट पहिलीतूनच निघाली होती. तुमच्या भावानं बांधावर घोंगडी अंथरली. साहेबही घोड्यावरून आले आणि मामंजींशी बोलत उभे राहिले.

ती संध्याकाळ मला अजून समोर दिसते. मामंजी काळ्या कपड्याखाली डोकं घालून दुधी काचेवर चित्र लावताहेत, मग मला बोलावून भिंगानं बघायला लावताहेत, कारण लांबचं त्यांना घारीसारखं दिसतं, हातातलं मात्र धूसर. काचेवर तलाव उलटा आहे, पाणी वर, आभाळ खाली, डावीकडे दगडी पायऱ्या पाण्यात उतरलेल्या. मी सांगते, चांगलं धारदार आहे. मोजायचं काम तुमचं असतं, पण तुम्ही माझ्याकडं येता आणि म्हणता, "आज तू मोज. मी जरा पाण्यात पाय सोडते, माहेरचं पाणी हाय." तुम्ही शिकवलंय तसंच मी मोजते, डोळे मिटून, मनातल्या मनात जातं फिरवत, म्हणजे समोरच्या हालचालीनं चूक होत नाही. सूर्य टेकतो. मामंजी टोपी काढतात आणि साहेबांबरोबर तलावाकडं पाठ करून त्यांच्या प्रश्नांना उत्तरं देतात. मी डोळे मिटते. बायकांचं बोलणं ऐकू येतं, घागरीत पाणी शिरल्याचा आवाज, एक म्हैस फुरफुरते, कुणीतरी कुणाला हाक मारतं. मोजून झालं की मी हात वर करते आणि मामंजी टोपी बसवतात. डोळे उघडून पाहते तर तुम्ही पायरीवर बसून दोन्ही पावलं पदरानं चोळता आहात, लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं, ओठ थंडीनं निळे. मी विचारते, एवढ्या गारठ्यात एवढं आत काहून गेलात? तुम्ही नुसत्या हसता. त्या हसण्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही, इतकी मी माझ्या मोजण्यावर खूश होते.

दुसरी प्लेटही काढली, पण तोवर उजेड गेला होता आणि ती पुढं कच्चीच निघाली. चांगली प्लेट एकच. दुसऱ्या दिवशी हिंगोलीला पोचल्यावर मामंजी तिला घेऊन काळ्या खोलीत गेले, भिंतीवर टकटक झाली, आणि तुम्ही जात्याला बसलात. ऐंशी फेरे. तुमचा हात नेहमीसारखाच एका लयीत फिरत होता, मी शेजारी भाजी निवडत होते. फक्त त्या दिवशी ओठ हलत नव्हते, घट्ट मिटलेले होते. मूठ आपटलीत, पण उठला नाहीत, तिथंच बसून राहिलात.

प्लेट वाळल्यावर मामंजींनी ती खिडकीशी धरली. तलाव झकास उतरला होता. सात मिनिटांचं हलतं पाणी मिळून एकसारखं झालेलं, तापल्या दुधावर साय धरावी तसं, आणि त्या एवढ्या गर्दीतलं एकही माणूस नाही. म्हशी नाहीत, घागरी नाहीत, नुसतं आभाळ, बांध आणि पाणी. "डावीकडं पायरीपाशी खुंटा राहिलाय कसला तरी," मामंजी म्हणाले, "तेवढा बुजवून टाक," आणि साहेबांना निरोप धाडायला बाहेर गेले. मी भिंग लावलं. बोटाच्या पेराएवढ्या तुम्ही होतात. गुडघाभर पाण्यात, हात दोन्हीकडं सोडलेले, पदर डोक्यावरून नीट घेतलेला, तोंड सरळ कॅमेऱ्याकडं. निगेटिव्हवर तोंड काळं आणि कपाळावरचं आडवं कुंकू स्वच्छ आरपार. लुगड्याचा काठ जरा मऊ झाला होता, तो वाऱ्यानं. पण चेहरा असा की नाकातल्या मुरणीचे खडे मोजून घ्यावेत. मोठमोठे लोक खुर्चीत बसून, मानेला मागून टेकू लावून दोन पळं स्थिर राहत नाहीत, ते मी रोज बघत होते. तुम्ही माघातल्या पाण्यात सात मिनिटं उभ्या होतात.

मी बराच वेळ भिंग धरून बसले. मामंजींना सांगितलं तर ते तुमच्यावर चिडतील, सरकारी माणसाचं काम, मिळता मिळत नाही ती प्लेट, आणि त्यात हिनं मधी जाऊन उभं राहावं, असं म्हणतील, असं मी मनाशी घोकलं. खरंच म्हणाले असते का, कोण जाणे. एक प्रत छापून तुम्हाला द्यायची आणि मग बुजवायचं, एवढं साधं होतं. पण दुसरा कागद कशाला घालवला असं विचारलं असतं तर, असं आणखी एक कारण मी शोधलं. मग काजळ कालवलं. तुम्हीच धरलेलं काजळ. आधी पाय, मग लुगडं, शेवटी तोंड. कडा पेन्सिलीनं अशा मिळवल्या की मामंजींना नंतर भिंग लावूनही जागा सापडली नाही. ते "वा" म्हणाले. त्यांच्या तोंडून माझ्यासाठी निघालेला तो पहिला "वा".

दिवेलागणीला तुम्ही माझ्यापाशी आलात. हातात कंदिलाची काच होती, ती पुसत पुसत, माझ्याकडं न बघता तुम्ही विचारलंत, "मी आले का गं त्यात?"

मी म्हटलं, "न्हाई आत्याबाई. हललात तुमी."

तुम्ही काच पुसत राहिलात. मग म्हणालात, "व्हय. मधी एकदा खोकला आला व्हता. दाबला मी, पर तेवढ्यानंच गेलं असंल." आणि कंदील लावून देवापुढं ठेवायला निघून गेलात. त्यात तक्रार नव्हती. दोष कुठं होता तो सापडला, एवढंच. तुमच्या मागोमाग उठून यायला मला चार पावलं पुरली असती.

साहेबांना फोटो दिला तेव्हा मी दाराआडून ऐकत होते. त्यांनी तो खिडकीच्या उजेडात नेला, खूप वेळ बघितला आणि म्हणाले, "एक भी आदमी नहीं. बहोत खूब." तुम्ही चहाचा पेला घेऊन माझ्या मागंच उभ्या होतात. मला वाटलं होतं की ते प्रकरण तिथं संपलं. पण तुम्ही ते संपू दिलं नाहीत, आणि त्यात तुमचा काही डाव नव्हता, हेच अवघड होतं. फोटोला बसलेली एखादी पोरगी चुळबुळ करू लागली की तुम्ही तिला हसत हसत सांगायचात, "बाई, हलू नको गं. म्या सात मिनिटं पाण्यात उभी राहिले व्हते आन एका खोकल्यानं घालवलं समदं." सगळे हसायचे. मामंजींनाही ती गोष्ट तिथंच पहिल्यांदा कळली, आणि तेही हसले, खुंट्याची त्यांना आठवणसुद्धा नव्हती. ज्या बाईचा हात आयुष्यात एकदाही चुकला नाही, ती आपल्या हातून एकदा कसं चुकलं हे दारी येईल त्याला सांगत होती. मी खिडकीशी बसून दुसऱ्यांचे वण बुजवत होते.

लढाई लांबली तशी नवी काचही मिळेना. फ्रेमवाल्यांनी मामंजींकडं जुन्या प्लेटा मागितल्या, आणि मामंजींनी मागच्या पाच-सहा वर्षांच्या प्लेटा काढून दिल्या, धुऊन नुसती काच करायला. उकळत्या पाण्यात सोडा टाकला की वरचा थर सुटतो. अंगणात घंगाळ मांडून आपण दोघी बसलो. तुम्ही बुडवायचात, मी राखेनं घासायचे. तुम्ही प्रत्येक प्लेट आधी उन्हात धरून बघायचात आणि ओळखीचं कुणी असेल तर नाव घ्यायचात, हा तेल्याचा थोरला, ही त्याची पहिली बायको. निम्मी चळत झाली आणि तुमच्या हातात तलाव आला.

"माझ्या माहेरचा तलाव न्हवं का हा?" तुम्ही म्हणालात. तो उन्हात धरून तुम्ही डावीकडच्या पायरीवर बोट ठेवलंत, बरोबर काजळावर. "हितंच उभी व्हते मी."

मी हातातली काच राखेनं घासत राहिले. बोलायची ती वेळ होती, आत्याबाई, त्यानंतर तशी दुसरी आली नाही. ती प्लेट मागून घ्यायची, गार पाण्यात भिजवलेल्या कापसानं काजळ टिपायचं आणि तुम्हाला दाखवायचं, पाव घटकेचं काम. पण मग तुम्ही माझ्याकडं बघितलं असतं. तुम्ही प्लेट पाण्यात सोडली आणि पुढची उचलायला वळलात. काजळाला डिंकच होता, ते आधी सुटलं, काळी दोरी निघावी तसं पाण्यात गेलं, आणि तुम्ही दिसलात. पाण्याखाली, काचेवर, पदर घेतलेल्या. मग थराला सुरकुती पडली आणि सगळं मिळून तरंगत वर आलं. तुम्ही ते बोटानं बाजूला सारलंत आणि काच माझ्या हातात दिलीत. मी ती राखेनं घासली, दोन्हीकडून. ती काच कुणाच्या फोटोवर गेली ते मला माहीत नाही.

निजामी गेली त्या साली तुम्ही गेलात. धड आजारपणसुद्धा नाही, आठ दिवस ताप. दहाव्याच्या दिवशी घाटावरून आल्यावर मामंजी काळ्या खोलीत जाऊन बसले. दार उघडंच ठेवलं होतं, कारण आत काही कामच नव्हतं. मी चहा घेऊन गेले तर म्हणाले, "एक प्लेट घालवायला पायजे व्हती तिच्यावर." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि त्या घरात मी ते कधी पाहिलं नव्हतं. त्यांना तरी सांगायचं की नाही. मी पेला ठेवला आणि बाहेर आले. नंतर प्लेट मसाल्यात टाकायची वेळ आली की मीच जात्याला बसू लागले, पण माझे फेरे कधी सारखे पडले नाहीत. मामंजींनी शेवटी घड्याळच आत नेलं.

आता खरं कारण. मामंजींची भीती, कागद, प्लेट, ही सगळी मागाहून जमवलेली लाकडं. भिंग डोळ्याला लावून मी तुम्हाला ओळखलं, आणि त्याच क्षणी मला वाटलं की तुमच्यावाचून हे चित्र जास्त चांगलं दिसतं. इतकं स्वच्छ पाणी मी कधी पाहिलं नव्हतं. मी लावून दिलेलं, मी मोजलेलं, मला ते माझं वाटत होतं, आणि त्यात मधे कुणी नको होतं. तुमचा राग नव्हता मला. राग असता तर कधीतरी भांडून मिटला असता.

तुमच्या भावाची पत्रं यायची ती मीच तुम्हाला वाचून दाखवायचे. तुम्ही जिवंत असताना हे लिहिलं असतं तर तुमच्यापुढं बसून वाचावंही मलाच लागलं असतं, आणि मला ठाऊक आहे, याच ओळीशी येऊन मी तिसरंच काहीतरी वाचलं असतं. तुम्हाला कळलंही नसतं. आता वाचून दाखवायचं कुणाला नाही, म्हणून लिहिता येतं आहे. नातीलाही हे दाखवणार नाही. ती मला माफ करून टाकील, आणि तो हक्क तिचा नाही. कागद घडी करून माझ्या लुगड्यांच्या तळाशी ठेवते. पण एक गोष्ट तुम्हाला दिवेलागणीलाच सांगायला हवी होती, कंदिलाची काच पुसून व्हायच्या आत.

आत्याबाई, तुम्ही हलला नव्हतात. खोकला दाबलात तेव्हासुद्धा नाही.